खुब्याचा सांधा, बेन्टेक्सची खाज आणि एक फॉरवर्ड

"हिप रिप्लेसमेंटचा सांधा धातूचा असतो. बेन्टेक्सचे दागिने घातल्यावर ज्यांना खाज सुटते, त्यांचं शरीर तो स्वीकारत नाही. जॉन्सन कंपनीला याच ॲलर्जीमुळे सांधे परत घ्यावे लागले. ऑपरेशनआधी पॅच टेस्ट कराच, किंवा सिरॅमिकचा सांधा मागा. नंतर दुखलं तर ॲलर्जी समजून काढून टाका." असा मजकूर व्हॉट्सॲपवर हातोहात पुढे जातोय. त्यात खऱ्याचा अंश आहे, म्हणूनच तो पटतो.

आधी जॉन्सनचं. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डिप्यू कंपनीने ऑगस्ट 2010 मध्ये 'एएसआर' नावाचे सांधे जगभरातून परत बोलावले, हे खरं. पण कारण ॲलर्जी नव्हतं. या सांध्यात मांडीच्या हाडाकडचा गोळा आणि तो ज्यात फिरतो ती वाटी, दोन्ही कोबाल्ट-क्रोमियम या मिश्रधातूचे. वाटी उथळ, त्यामुळे गोळा तिच्या कडेवर घासायचा आणि धातूचा बारीक चुरा आजूबाजूच्या मांसात व रक्तात जायचा. काही रुग्णांत स्नायू सडले, गाठी झाल्या. ब्रिटनच्या नोंदींनुसार पाच वर्षांत साधारण 12 ते 13 टक्के रुग्णांना पुन्हा ऑपरेशन करावं लागलं. शरीराची प्रतिकारशक्तीही या चुऱ्यावर चवताळते, नाही असं नाही; पण चुरा पडला नसता तर ती कशावर चवताळली असती?

याला ॲलर्जी म्हटलं की दोष रुग्णाच्या अंगाला चिकटतो. भारतात सुमारे 4700 जणांना हे सांधे बसले होते. केंद्र सरकारच्या तज्ज्ञ समितीने सदोष सांध्यांबद्दल प्रत्येकी किमान 20 लाख रुपये भरपाई सुचवली. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने नकळत कंपनीचीच वकिली केली आहे.

आता बेन्टेक्सची खाज. ती बहुतेक वेळा निकेलची असते, आणि निकेलची ॲलर्जी असणारे लोक थोडेथोडके नाहीत. पण कातडीवर घामात भिजणारा दागिना वेगळा आणि हाडात घट्ट बसलेला सांधा वेगळा. पॅच टेस्ट, म्हणजे कातडीवर धातूचा अंश लावून केलेली ॲलर्जीची चाचणी, पॉझिटिव्ह असलेल्या कित्येकांचे सांधे वर्षानुवर्षं बिनतक्रार चालतात. शिवाय आज बहुतेक ठिकाणी हाडात बसणारा दांडा टायटॅनियमचा असतो आणि वाटीचं अस्तर पॉलिथिलीनचं. कोबाल्ट-क्रोमच्या गोळ्यात निकेल एक टक्क्याहून कमी. सिमेंटने बसवायच्या काही दांड्यांत स्टेनलेस स्टील असतं, त्यात मात्र निकेल भरपूर. म्हणून दागिन्यांनी पुरळ उठत असेल तर सर्जनला आधी जरूर सांगा, पण ऑपरेशन रद्द करू नका.

सरसकट पॅच टेस्टचा सल्लाही टिकत नाही. 2001 च्या एका आढाव्यात धातूची संवेदनशीलता, म्हणजे ॲलर्जीची प्रतिक्रिया, सर्वसामान्य लोकांत सुमारे 10 टक्के, सांधा नीट चालणाऱ्यांत 25 टक्के आणि सांधा निकामी झालेल्यांत 60 टक्के आढळली होती. हा 60 चा आकडा फार मिरवला जातो. पण संवेदनशीलतेमुळे सांधा बिघडला की बिघडलेल्या सांध्यातल्या चुऱ्याने संवेदनशीलता आणली, हे त्यातून ठरत नाही. धातूची तीव्र ॲलर्जी आधी झाली असेल तर चाचणीला अर्थ आहे.

सिरॅमिकचं एका वाक्यात: त्यात सिरॅमिक असतो तो गोळा, फार तर वाटीचं अस्तर, दांडा धातूचाच.

फॉरवर्डमधलं सगळ्यात धोकादायक वाक्य शेवटचं: दुखलं तर ॲलर्जी समजून काढून टाका. ऑपरेशननंतर जांघेत दुखायला लागलं तर आधी जंतुसंसर्ग आणि सांधा सैल झाला आहे का, हे पाहतात. ॲलर्जीचं निदान बाकी सगळं वगळल्यावर येतं. धातूवर धातू घासणारा सांधा असेल तर रक्तात कोबाल्ट-क्रोमियम मोजतात. ब्रिटिश नियामकांनी लिटरमागे 7 मायक्रोग्रॅम ही पुढच्या तपासणीची पातळी ठरवली होती. तो आकडा ओलांडला म्हणजे लगेच सांधा काढायचा, असं नाही. आणि बसलेला सांधा उपसून दुसरा घालणं हे पहिल्या ऑपरेशनपेक्षा कितीतरी अवघड असतं.

फॉरवर्डमध्ये एक कामाची गोष्ट राहूनच गेली. सांध्याच्या खोक्यावर कंपनी, मॉडेल आणि लॉट नंबरचे स्टिकर असतात. एएसआरचे भारतातले बहुसंख्य रुग्ण नंतर सापडलेच नाहीत. डिस्चार्ज घेताना त्यातला एक स्टिकर मागून घ्या आणि फाइलीत चिकटवा.