सॉनिक्सची सुरुवात तिसऱ्या अल्बमपासून नको

साठच्या दशकातल्या सॉनिक्स या अमेरिकन रॉक बँडवरच्या लेखातला 'नवख्यांनी सॉनिक्सच्या तिसऱ्या अल्बमपासून सुरुवात करावी, तो ऐकायला सोपा आहे' हा सल्ला अजिबात पटला नाही. तो तिसरा अल्बम, 'इंट्रोड्यूसिंग द सॉनिक्स', हॉलिवूडच्या स्टुडिओत घासूनपुसून रेकॉर्ड केलेला आहे, आणि तो खुद्द बँडलाही आवडला नव्हता. ज्या खडबडीतपणासाठी या टॅकोमा शहरातल्या पोरांना लोक आजही ऐकतात, तोच तिथे गायब आहे. सुरुवात 1965 च्या 'हिअर आर द सॉनिक्स'पासूनच करावी. रेकॉर्डिंग अवघ्या दोन ट्रॅकवर (म्हणजे फक्त दोन ध्वनिपट्ट्यांवर), ड्रम्सच्या अख्ख्या संचाला मिळून एकच माइक! पहिल्याच गाण्यात, 'द विच'मध्ये, बॉब बेनेटचे ड्रम्स कसे अंगावर येतात ते ऐका. गायक जेरी रॉस्ली किंचाळतो तेव्हा आवाज फाटतो, आणि तो फाटलेला आवाज कुणी दुरुस्त करायला गेलं नाही हे केवढं चांगलं झालं. मी हा अल्बम ज्यांना ज्यांना ऐकवला, त्यातल्या बहुतेकांनी पहिलं गाणं संपायच्या आत आवाज वाढवायला सांगितलं. त्यानंतर दुसरा अल्बम, 'बूम'. त्या वेळी तर यांनी स्टुडिओच्या भिंतींवरचं आवाज शोषणारं आवरणच उपटून काढलं होतं.

आणि 2015 चा 'दिस इज द सॉनिक्स' हा अल्बम लेखातल्या यादीत का नाही? इतक्या वर्षांनी परतलेल्या बँडने तो मुद्दाम मोनोमध्ये (सगळा आवाज एकाच चॅनेलमध्ये) केला, आणि रॉस्लीचा घसा तिथेही तितकाच पेटलेला आहे. माझ्या मते 'बूम'नंतर थेट हाच लावावा. तिसरा अल्बम नंतर सवडीने ऐकला तरी चालेल.