बटणे, कमांड आणि सतरावे गुणसूत्र : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

वैद्यकीय संशोधकांसाठी वितरित संगणनाची (एकच काम अनेक संगणकांवर वाटून देण्याची) व्यवस्था उभारताना आराखड्याची सुरुवात क्लस्टरपासून, म्हणजे जोडलेल्या संगणकांच्या समूहापासून, न करता संशोधकाच्या कामापासून करावी, असे मी मागच्या लेखात लिहिले होते. त्यावर आपण तीन आक्षेप घेतले आहेत. पहिला असा की, वापरकर्त्याला केंद्रस्थानी ठेवणे म्हणजे यंत्रावर पडदा टाकून नुसती बटणे दाबणारे संशोधक तयार करणे. दुसरा असा की, अमेरिकेतल्या ‘कॅबिग’ या कर्करोग-संशोधनाच्या संगणकीय प्रकल्पात वापरकर्त्यांचे गटच्या गट असूनही तो बुडाला, तेव्हा ‘वापरकर्त्याला विचारा’ हा सल्ला पोकळ आहे. तिसरा असा की, आपल्याकडे रुग्णालयाबाहेर डेटा जाऊच शकत नसल्याने ही सगळी चर्चा हवेतली आहे. क्लस्टरवर खाते देण्याआधी प्रत्येक संशोधकाला लिनक्सचे (क्लस्टर ज्यावर चालतो त्या कार्यप्रणालीचे) प्रशिक्षण सक्तीचे करावे, असा उपायही आपण सुचवला आहे. प्रतिक्रियेच्या खालच्या चौकटीत हे उत्तर मावले नसते, म्हणून ते स्वतंत्रपणे लिहितो आहे.

कॅबिगपासून सुरुवात करतो, कारण तो आपला सर्वांत भक्कम मुद्दा आहे. देशभरातल्या कर्करोग केंद्रांतील ऊतींचे साठे, चिकित्सा-चाचण्यांच्या नोंदी आणि जनुकीय मोजमापे एका ग्रिडवर जोडावीत, या हेतूने अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने २००४ मध्ये हा प्रकल्प प्रायोगिक स्वरूपात सुरू केला. संस्थेच्याच वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यगटाने मार्च २०११ मध्ये त्याचा आढावा घेतला, तोवर सुमारे ३५ कोटी डॉलर खर्ची पडले होते. संशोधकांची गरज मागे आणि तंत्रज्ञान पुढे, अशी उलटी वरात निघाली होती आणि बऱ्याच साधनांना वापरणारेच मिळाले नव्हते, हा त्या अहवालाचा गाभा होता. पुढच्याच वर्षी प्रकल्प गुंडाळला गेला. मात्र केंद्रांमध्ये संवाद घडवून आणल्याचे आणि समान मानकांचा आग्रह धरल्याचे श्रेय त्याच अहवालाने कॅबिगला दिले होते, हेही नोंदवायला हवे.

आता प्रश्न असा की, कार्यगटांत केंद्रांची माणसे बसलेली असताना असे का व्हावे? माझे उत्तर असे आहे की, त्यांना विचारले गेले, पण जे विचारायला हवे होते ते नव्हे. चर्चा बहुतांशी साधनांच्या सुसंगततेभोवती फिरत राहिली. कुठल्या साधनाला ‘ब्राँझ’, ‘सिल्व्हर’ वा ‘गोल्ड’ पातळी द्यायची, कुठली शब्दावली सर्वांनी मान्य करायची, हे ते विषय. यांतला एकही प्रश्न निरर्थक नाही. परंतु सकाळी वॉर्ड राऊंड, दुपारी ओपीडी आणि रात्री नऊनंतर विश्लेषण अशा चक्रात सापडलेल्या डॉक्टरला यांतला एकही प्रश्न पडलेला नसतो. आपले जॉब (क्लस्टरला करायला दिलेली कामे) कालपासून क्यूमध्ये, म्हणजे रांगेत, का अडकले, यांतले किती पूर्ण झाले आणि जे झाले त्यावर विश्वास ठेवावा की नाही, हे त्याचे प्रश्न असतात. समितीच्या बैठकीत ते निघत नाहीत. जॉब फसतो त्या वेळी त्याच्या शेजारी कोणी बसलेले असेल, तरच ते ऐकू येतात. तेव्हा कॅबिगवरून वापरकर्त्याला विचारणे व्यर्थ ठरते, हा आपला निष्कर्ष मला घाईचा वाटतो.

आता आपल्या पहिल्या आक्षेपाकडे वळतो आणि तिथे जरा रेंगाळतो, कारण मतभेदाचे मूळ तिथेच आहे. आनुवंशिक स्तनकर्करोगाचा एक अभ्यास कल्पून पाहा. २०० रुग्ण स्त्रियांच्या जनुकसंचांतील फरक शोधायचे आहेत आणि वेळ वाचावा म्हणून प्रत्येक नमुन्याचे गुणसूत्रवार २३ तुकडे पाडून ते क्लस्टरवर वाटून दिले आहेत (नमुने स्त्रियांचेच असल्याने वाय गुणसूत्र धरलेले नाही). म्हणजे एकूण ४,६०० जॉब. त्यांतला एक, १४३ व्या नमुन्याच्या सतराव्या गुणसूत्राचा, मेमरी कमी पडल्यामुळे किल होतो. लॉगमध्ये एक आकडा उमटतो, १३७. जाणकाराला कळते की हे १२८ अधिक ९ आहेत आणि ९ हा प्रक्रिया सक्तीने बंद करण्याचा संकेत आहे. शेवटी सगळे तुकडे जोडणारी स्क्रिप्ट चालते आणि ‘या फोल्डरमध्ये ज्या फाइल असतील त्या जोड’ एवढेच तिला सांगितलेले असल्याने ती या नमुन्याचे उरलेले बावीस तुकडे निमूटपणे जोडून मोकळी होते.

तयार झालेल्या फाइलमध्ये खोट दिसत नाही. नेहमीच्या व्हीसीएफ फाइलमध्ये (जनुकीय फरक नोंदवण्याच्या प्रचलित स्वरूपात) संदर्भापेक्षा, म्हणजे तुलनेसाठी धरलेल्या प्रमाण जनुकसंचापेक्षा, वेगळ्या आढळलेल्या जागांचीच यादी असते, त्यामुळे जिथे फरक नाही ती जागा आणि जिथे पाहिलेच नाही ती जागा, दोन्ही सारख्याच रिकाम्या असतात. आनुवंशिक स्तनकर्करोगाशी जोडलेले बीआरसीए१ हे जनुक सतराव्या गुणसूत्रावर आहे, टीपी५३ हेही तिथेच आहे. १४३ व्या रुग्णाच्या ओळीत बीआरसीए१ पुढे काही नाही, असे पाहून संशोधक तिला ‘फरक आढळला नाही’ या गटात टाकतो. प्रत्यक्षात तो कोणी शोधलेलाच नसतो.

हा घोटाळा बटणे दाबणाऱ्याच्या हातून झालेला नाही, याकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. तारांकन (*) देऊन फोल्डरमधल्या सगळ्या फाइल एका ओळीत उचलणे, हे लिनक्स चांगले येणाऱ्या माणसाचेच काम आहे. एकाच संगणकावर चालणारा कार्यक्रम बहुधा पूर्ण होतो किंवा सगळाच कोसळतो. शेकडो नोडवर, म्हणजे क्लस्टरमधल्या संगणकांवर, वाटलेले काम मात्र थोडेसे फसते आणि बाकीचे व्यवस्थित पूर्ण होते. हे अर्धवट अपयश संशोधकापुढे कसे मांडायचे, हाच मला या सगळ्या आराखड्याचा कळीचा प्रश्न वाटतो. जॉब कुठल्या नोडवर गेला, पार्टिशनचे (क्लस्टरच्या विभागाचे) नाव काय, शेड्युलरच्या (जॉब वाटून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सूचना कशा लिहायच्या, हे खुशाल लपवावे. ‘नमुना १४३ : गुणसूत्र १७ अपूर्ण, मेमरी कमी पडली, बाकीचे ४,५९९ तुकडे पूर्ण, हा एकच तुकडा जास्त मेमरी देऊन पुन्हा चालवावा का?’ हे मात्र लपवता कामा नये. आणि अपेक्षित तुकड्यांची संख्या भरल्याशिवाय जोडणी होऊच देऊ नये.

असा आराखडा काल्पनिक नाही. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात २००५ च्या सुमारास सुरू झालेल्या ‘गॅलेक्सी’मध्ये ब्राउझरमधूनच विश्लेषण करता येते. तिथे उजवीकडच्या यादीत थांबलेला जॉब करडा, चालू असलेला पिवळा, पूर्ण झालेला हिरवा आणि फसलेला लाल दिसतो. मला रंगांपेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते : एका संचातले काही घटक फसले, तर त्यांच्यावर अवलंबून असलेली पुढची पायरी आपोआप थांबून राहते आणि फसलेले वगळून पुढे जायचे असेल, तर ते वगळण्याचे वेगळे साधन संशोधकाला स्वतः चालवावे लागते. वगळण्याचा निर्णय त्याच्याच नावावर, त्याच्या कामाच्या इतिहासात नोंदला जातो. विश्लेषणाच्या पायऱ्या जोडून चालवणाऱ्या ‘नेक्स्टफ्लो’ या साधनात कमांड लिहाव्या लागतात, पण तिथेही फसलेला जॉब वाढीव मेमरी देऊन पुन्हा चालवण्याची आणि झालेले काम पुन्हा न करता उरलेले पुढे नेण्याची सोय आहे. एकीकडे बटणे, दुसरीकडे कमांड. पण संशोधकाचा विचार दोन्हींत आहे.

इथे आपले एक म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. सोयीच्या नावाखाली शास्त्रीय निर्णयच पडद्याआड जातात, ही भीती खरी आहे. मानवी जनुकसंचाच्या संदर्भाची २००९ ची जीआरसीएच३७ आणि २०१३ ची जीआरसीएच३८ अशा दोन्ही आवृत्त्या अजून वापरात आहेत आणि एकाच जनुकाचे स्थानांक दोन्हींत वेगवेगळे असतात. अशा वेळी एखाद्या चकचकीत पडद्याने ही निवड ‘प्रगत पर्याय’ नावाच्या बंद कप्प्यात ढकलली असेल, तर तो पडदा दिसायला कितीही सोपा असला तरी संशोधकासाठी बनवलेला नाही, असेच मी म्हणेन.

‘डेटा बाहेर जाऊ शकत नाही’ हा आपला तिसरा आक्षेप. तो जावा, असे मी म्हणतही नाही. कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी एका जनुकसंचाचा कच्चा डेटा साधारण १०० जीबी धरल्यास एक हजार नमुन्यांचे १०० टीबी होतात आणि सेकंदाला १०० मेगाबिटची लाइन अखंड चालू राहिली तरी ते हलवायला तीन महिने लागतील. म्हणून डेटा जागेवर ठेवून प्रोग्रॅम तिथे पाठवायचा. इंग्लंडमध्ये २०२० साली उभ्या राहिलेल्या ‘ओपनसेफली’ने नेमके हेच केले. फॅमिली डॉक्टरांकडच्या नोंदी जिथे साठवलेल्या होत्या तिथेच राहिल्या; संशोधकाला मिळतो तो त्याच रचनेचा बनावट डेटा. त्यावर आपल्या संगणकावर प्रोग्रॅम लिहून, चुका काढून मगच तो खऱ्या नोंदींवर चालवायला पाठवायचा. बाहेर येतात ते तपासून घेतलेले एकत्रित आकडे आणि प्रत्येक वेळी काय चालवले गेले याची नोंद सार्वजनिक असते. कोविडमुळे होणाऱ्या मृत्यूंच्या जोखमीचा १ कोटी ७० लाखांहून अधिक प्रौढांवरचा अभ्यास त्याच वर्षी या पद्धतीने प्रसिद्ध झाला. या व्यवस्थेत बटणांना जवळजवळ थारा नाही, कोड लिहावाच लागतो; तरीही तो बनावट डेटा हा संशोधकाच्या अडचणीतून सुचलेला आराखडा आहे. आपल्याकडे चार-पाच रुग्णालयांनी मिळून असे काही करायचे ठरवले, तर एखाद्या रुग्णालयाचा सर्व्हर बंद असताना उरलेल्यांच्या आकड्यांवरून काढलेली सरासरी ‘सर्वांची सरासरी’ म्हणून दाखवली जाणार नाही, याची काळजी घ्यावी लागेल. सतराव्या गुणसूत्राचाच प्रकार तो, फक्त तुकड्याच्या जागी रुग्णालय.

उरला सक्तीच्या प्रशिक्षणाचा प्रश्न. प्रशिक्षण असावे, याला माझी हरकत नाही. हरकत अभ्यासक्रमाला आहे. एमडीचा प्रबंध लिहिणाऱ्या निवासी डॉक्टरकडे शिकायला जेवढा वेळ आहे, तो शेड्युलरच्या सूचना पाठ करण्यात घालवू नये. नमुने किती गेले आणि निकाल किती आले हे मोजणे, संदर्भाची आणि प्रत्येक साधनाची आवृत्ती टिपून ठेवणे, पूर्ण संच पाठवण्याआधी दोन नमुन्यांवर चाचणी घेऊन मेमरीचा अंदाज बांधणे, लॉगच्या शेवटच्या वीस-तीस ओळी वाचता येणे, एवढे आधी शिकवावे. आणखी एक गोष्ट त्याला नव्याने शिकवावी लागणार नाही : प्रयोगशाळेत प्रत्येक बॅचबरोबर कंट्रोल (निकाल आधीच ठाऊक असलेला नमुना) लावायचा असतो, हे त्याला आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेच्या ‘जीनोम इन अ बॉटल’ उपक्रमातून असे नमुने मिळतात, ज्यांच्यातले फरक आधीच काटेकोरपणे निश्चित केलेले आहेत. त्यांतला एक प्रत्येक बॅचमध्ये घालून त्याचा निकाल ताडून पाहिला, तर १४३ व्या नमुन्याचा गळालेला तुकडा सापडणार नाही, त्यासाठी मोजणीच हवी. पण संदर्भाची चुकीची आवृत्ती किंवा बदललेले साधन मात्र बहुधा त्याच दिवशी उघडे पडेल. आपण प्रशिक्षणाचा आराखडा करणारच असाल, तर हा कंट्रोल पहिल्या तासाला ठेवावा, अशी माझी सूचना आहे. तो चालवायला लागणाऱ्या लिनक्सच्या कमांड त्याच ओघात शिकवता येतील.