धक्का बसेपर्यंत बसा

मानसशास्त्रीय थ्रिलरच्या मुखपृष्ठावर हमखास छापलेलं असतं: 'कल्पनाही करता येणार नाही असा शेवट!' माझ्या मते ही जाहिरात नव्हे, पेपरफुटी आहे. धक्का बसणार हे आधीच कळलेला नवखा वाचक पहिल्या पानापासून अंग आखडून बसतो आणि शेजाऱ्यापासून मांजरापर्यंत सगळ्यांवर संशय घेत सुटतो.

त्यातून तो बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा वाचून तयार झालेला असेल, तर हाल विचारू नका. त्यांच्या झुंजारकथांत नायक झुंजार आपल्या बाजूचा, एवढी तरी शाश्वती असते. इथे गोष्ट सांगणाऱ्याचाच भरवसा नाही.

गिलियन फ्लिनची 'गॉन गर्ल' (2012) ही कादंबरी घ्या. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातलं गाव, लग्नाचा पाचवा वाढदिवस आणि बायको गायब. एक प्रकरण नवरा निक सांगतो, पुढचं बायको एमीच्या डायरीतलं. नवखा इथेच आपटतो, कारण प्रकरणाच्या डोक्यावरची ओळ तो शोभेची समजून ओलांडतो. निकचा काळ एमी गायब झाली त्या दिवसापासून दिवसादिवसाने पुढे सरकतो. डायरी मात्र जानेवारी 2005 मध्ये सुरू होते आणि महिन्या-वर्षांच्या ढांगा टाकत येते. ती ओळ गाळली की कालचं भांडण आणि सात वर्षांपूर्वीचं प्रेम एकाच संध्याकाळचं वाटतं. (काही घरांत तसं असतंही.) उपाय सोपा आहे: खूण म्हणून ठेवलेल्या कागदावर दोन रकाने आखा, एक निकचा, एक एमीचा, आणि प्रकरण सुरू करण्याआधी तारीख टिपा.

तिसरा रकाना प्रश्नचिन्हांचा. निक पोलिसांशी खोटं बोलतो आणि वाचकाला मोजून सांगतो की हे पाचवं. नवखा लगेच विरघळतो: काय प्रामाणिक माणूस! गोम हीच आहे. दुसऱ्याला मारलेली थाप आपल्याला विश्वासात घेऊन सांगितली, की आपल्याला मात्र खरंच सांगितलं जातंय असं आपण धरून चालतो. म्हणून जे एकानेच सांगितलं आणि दुसऱ्या कुणीही पाहिलं नाही, ते सगळं तिसऱ्या रकान्यात. डायरीलाही सवलत नाही. डायरीत माणूस खरंच लिहितो, ही समजूत डायरी न लिहिणाऱ्यांची असते.

पानांचा हिशोबही चुकतो. धक्का शेवटी म्हणून दम राखून ठेवावा, तर इथे पायाखालची जमीन निम्म्यावरच सरकते. मग 'आता उरलं काय?' म्हणून पुस्तक मिटणारे पस्तावतात. पहिल्या निम्म्यात प्रश्न असतो काय झालं. पुढच्या निम्म्यात, ही दोघं एकमेकांचं काय करणार. विवाहितांनी हा भाग रात्री एकट्याने वाचावा. जोडीदार शेजारी जागा असताना तर नकोच.

शेवटचं पान आधी उघडण्यात अर्थ नाही, तिथे खुन्याचं नाव ठळक अक्षरात लिहिलेलं नसतं. खरा धोका चित्रपट पाहिलेल्या माणसाचा. डेव्हिड फिंचरने तो 2014 मध्ये केला आणि पटकथा खुद्द फ्लिनचीच, त्यामुळे त्या माणसाला सगळं ठाऊक असतं आणि ते पोटात राहत नसतं. असा मेहुणा घरात असेल तर पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घाला. तरीही त्याने 'कुठवर आलंय?' विचारलंच, तर 'कालच संपवलं' म्हणा, आणि त्याने तोंड उघडायच्या आत चहा टाकायला उठा.