क्यूआर कोड लागला म्हणजे माहिती समाज झाला, असं नाही

"सोलापूर शंभर टक्के डिजिटल झालं, आणि माहिती समाज ही कल्पनाच २०१५ च्या डिजिटल इंडियातून आली," असा मेसेज दोन दिवस ग्रुपवर फिरतोय. दोन्ही दावे चुकीचे आहेत. माहिती समाज म्हणजे ज्याचं कामकाज आणि व्यवहार माहिती आणि ज्ञानावर चालतात असा समाज.

डिजिटल इंडिया सुरू झालं १ जुलै २०१५ ला. त्याच्या कितीतरी आधी, १९६२ मध्ये, अर्थशास्त्रज्ञ फ्रिट्झ मॅक्लप यांनी अमेरिकेचे आकडे मांडून ज्ञानाचा उद्योग केवढा मोठा आहे ते दाखवलं होतं. डिसेंबर २००३ मध्ये जिनिव्हात माहिती समाजावर झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक परिषदेतल्या जाहीरनाम्यात तर स्पष्टच म्हटलंय: माहिती आणि ज्ञान प्रत्येकाला निर्माण करता यावं, मिळवता यावं, वापरता यावं आणि इतरांना देता यावं. यात फोन किती, कोड किती, हे कुठेच नाही. 'प्रत्येकाला' हा शब्द मात्र आहे, आणि मला तोच महत्त्वाचा वाटतो.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या शेजारच्या मावशी विड्या वळतात. बोटांच्या रेषा झिजल्यात. रेशनच्या मशीनवर अंगठा पुसून पुसून तीनदा लावला, तरी उमटला नाही. घरात बोली तेलुगू, बँकेचा मेसेज इंग्रजीत. तो मेसेज नातू शाळेतून आल्यावर वाचून दाखवतो. फोन त्यांच्याकडेही आहे.

मेसेज पुढे पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासाही टाका.