स्कायलाइनच्या वादात हमखास कसं जिंकावं

जगातल्या कुठल्या शहराची स्कायलाइन, म्हणजे लांबून आकाशासमोर दिसणारी इमारतींची रांग, सर्वांत देखणी, यावर मत द्यायला ते शहर बघितलेलं असावं लागतं, हा गैरसमज आधी डोक्यातून काढून टाका. बघून आलेली माणसं या वादात हमखास हरतात. त्यांना हॉटेलच्या खिडकीसमोरची भिंत आठवते, चालून सुजलेले पाय आठवतात, आणि ऐन मोक्याला ती "तसं ठीकच होतं" असं काहीतरी प्रामाणिक बोलून बसतात. म्हणून न गेलेलं शहर निवडा. मत पक्कं राहतं.

मग फोटो निवडा. सूर्य बुडाल्यावर आकाश गडद निळं असतं, तेवढ्या वेळात काढलेला आणि पाण्याच्या पलीकडून काढलेला. पाणी हवंच. त्याने दिवे दुप्पट होतात आणि मधलं ट्रॅफिक दिसत नाही. मॅनहॅटन दिसतं ते हडसन ओलांडल्यावर, जर्सी सिटीच्या काठावरून. तिथे आपली बरीच आयटी मंडळी भाड्याने राहतात, त्यामुळे "आमचं मॅनहॅटन" म्हणायचा अधिकार मुख्यतः न्यू जर्सीकरांचा. हाँगकाँग बघायचं तर कौलूनच्या बाजूला जायचं. शांघायला तर लोक नदीकाठच्या जुन्या वसाहतकालीन बँकांच्या दगडी इमारतींकडे पाठ करून उभे राहतात आणि पलीकडच्या पूडोंगमधल्या मनोऱ्यांचे फोटो काढतात. पाठ नेमकी कशाकडे करायची, हे ज्याला कळलं त्याला बाकीचं फारसं शिकवावं लागत नाही.

यानंतर उंचीवर या. सौंदर्याचा वाद मीटरमध्ये मोजता येतो, हे समोरच्याला पहिल्या पाच मिनिटांत पटवलंत तर निम्मं काम झालं. उंच इमारतींचा निवाडा करणारी एक आंतरराष्ट्रीय परिषद शिकागोत आहे. तिचा नियम असा, की शिखर इमारतीच्या रचनेचा भाग असेल तर ते उंचीत धरायचं, नुसता अँटेना असेल तर नाही. या एका वाक्यावर दोन पिढ्यांचं भांडण पोसलेलं आहे. १९९६ साली क्वालालंपूरच्या पेट्रोनास मनोऱ्यांना जगात सर्वांत उंच ठरवण्यात आलं, कारण शिखरासकट ते ४५२ मीटर भरले. शिकागोच्या सिअर्स टॉवरचं छत होतं ४४२ मीटरवर, म्हणजे पेट्रोनासच्या छतापेक्षा कितीतरी वर, पण त्याच्या डोक्यावरचे अँटेना पडले निव्वळ अँटेना. २०१३ साली तोच प्रसंग पुन्हा आला. न्यूयॉर्कच्या वन वर्ल्ड ट्रेड सेंटरचं छत ४१७ मीटरवर, वर एक लांबलचक खांब. खांब शिखर ठरला तर उंची ५४१ मीटर, अँटेना ठरला तर शिकागो वरचढ. परिषदेने शिखर म्हटलं. घरच्याच पंचांनी घरच्याच गड्याला बाद केल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही. शिकागोवाल्याशी वाद पडला तर एवढंच विचारा, "अँटेना धरून की सोडून?" पुढचा अर्धा तास तो एकटाच बोलत राहील.

न्यूयॉर्कवाला मात्र यात मुरलेला असतो. १९२९ साली क्रायस्लर इमारतीचं पोलादी टोक तुकड्यातुकड्यांनी आत नेऊन, तिथे लपवून ठेवलं होतं. वॉल स्ट्रीटवरच्या प्रतिस्पर्ध्याला आपण जिंकलो असं वाटू दिलं, आणि मग ते टोक वर काढून बसवलं. दोन वर्षांच्या आतच एम्पायर स्टेट इमारत तिच्याही वर गेली. एम्पायरच्या माथ्यावर खांब का, तर म्हणे तिथे अटलांटिक ओलांडून येणारी, फुग्यासारखी तरंगणारी हवाई जहाजं बांधायची. त्या उंचीवरच्या वाऱ्याला कोणी विचारलं नव्हतं. जहाजांची सोय झाली नाही, खांब राहिला. आज लोक त्याच्याकडे बघून "काय ती प्रमाणबद्धता!" म्हणतात. तुम्हीही म्हणा.

दुबईत नातेवाईक असतील तर या मुद्द्याला हात लावू नका. बुर्ज खलिफा ८२८ मीटर, आणि त्यातले वरचे २४४ मीटर राहण्याजोगे नाहीत, हा हिशेब त्याच शिकागोच्या परिषदेने मांडलेला आहे. पार्किंगचे सात मजले धरून "एक्केचाळीस मजली" म्हणून विकल्या जाणाऱ्या मुंबईच्या टॉवरमध्ये तुमचा फ्लॅट असेल, तर दुबईला हसण्यात जोखीम आहे.

शहरांचे आकार कोणाच्या सौंदर्यदृष्टीतून आले, असा प्रश्न कोणी काढलाच तर "दूरदृष्टी" हा शब्द वापरून पुढे सरका. खोलात गेलात तर पंचाईत होते. न्यूयॉर्कच्या त्या पायऱ्यापायऱ्यांच्या इमारती १९१६ च्या नियमामुळे झाल्या, आणि तो नियम यावा यासाठी एका ऑफिस इमारतीने शेजाऱ्यांचं ऊन खाल्लं होतं. लंडनमधला एक मनोरा एका अंगाने तिरका कापल्यासारखा दिसतो, कारण फ्लीट स्ट्रीटवरून सेंट पॉल कॅथीड्रलचा घुमट दिसत राहायला हवा होता. लंडनकर त्याला चीजची किसणी म्हणतात. शांघायमधल्या ४९२ मीटरच्या मनोऱ्याला माथ्याशी गोल भोक ठेवायचं होतं. बांधणारे जपानी आणि गोल म्हणजे उगवता सूर्य, अशी ओरड झाली आणि भोक चौकोनी झालं, तर आता तो बाटली उघडायच्या ओपनरसारखा दिसतो. हाँगकाँगमध्ये १९९० साली बँक ऑफ चायनाच्या धारदार कडा सुरीसारख्या शेजाऱ्यांवर रोखल्या आहेत, म्हणून फेंगशुईवाले खवळले. शेजारच्या बँकेने गच्चीवरच्या क्रेन तोफांसारख्या उलट तिच्यावर रोखल्या, असं तिथले लोक आजही रंगवून सांगतात. या सगळ्याला आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेत आपण भांडणं म्हणतो. चारशे मीटरवर गेलं की तेच शहराचं व्यक्तिमत्त्व होतं.

पॅरिसवाल्याला फार वेळ देऊ नका. १९७३ साली त्यांनी माँपार्नासला २१० मीटरचा एक काळा टॉवर उभा केला आणि तो बघून इतके हबकले, की १९७७ साली पॅरिसात ३७ मीटरपेक्षा उंच बांधायला बंदी घातली. पॅरिस सर्वांत सुंदर त्याच टॉवरच्या गच्चीवरून दिसतं, कारण तिथून तो टॉवर दिसत नाही, हा विनोद पॅरिसकर स्वतःच करतात. तुम्ही तो तुम्हाला आत्ताच सुचल्यासारखा सांगा.

आता मुंबई. तिची बाजू घ्यायची असेल तर मरीन ड्राइव्हचं नाव चुकूनही काढू नका. पाच-सहा मजल्यांच्या, एका उंचीच्या, गोलसर बाल्कन्यांच्या त्या आर्ट डेको इमारती २०१८ साली जागतिक वारशाच्या यादीत गेल्या हे खरं, पण त्यांच्यात एकही विक्रम नाही. कोणी कोणाच्या वर गेलेलं नाही, कोणी कोणाचं ऊन अडवलेलं नाही. असल्या रांगेवर वाद कसा घालणार? फार तर २०१५ साली तिथले पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी बसवले तेव्हा शहरभर झालेला गदारोळ आठवा, आणि पुढे व्हा.

फोटो वरळीचा घ्या, सी लिंकच्या बाजूने. पुलावर गाडी थांबवायला बंदी आहे, त्यामुळे तो चालत्या गाडीतून आणि थोडा हललेला येईल, त्याला "एनर्जी" म्हणायचं. फोटोत खाली डावी-उजवीकडे वरळी कोळीवाडा येतो, तो कापून टाका. एखादी होडी राहिली तर चालेल, शोभा येते. होडीवाल्याचं घर नको. हिवाळ्यात काहीच दिसलं नाही तर धुकं म्हणा. हवेचा निर्देशांक मोबाईलवर असतो, पण तो बघायलाच हवा असं नाही.

मागचे मनोरे ज्या जमिनीवर उभे आहेत तिच्याकडे वळायचं कारण नाही, पण कोणी लालबाग-परळकडचा म्हातारा बैठकीत असला तर तो वळणारच, म्हणून तयारी ठेवा. तो सांगेल, की इथे आधीही स्कायलाइन होती, गिरण्यांच्या चिमण्यांची. १९८२ च्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले आणि चिमण्यांचा धूर थांबला तो थांबलाच. १९९१ च्या नियमात गिरणीच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे ठरले होते: एक शहराच्या मोकळ्या जागेला, एक परवडणाऱ्या घरांना, एक मालकाला. २००१ साली दुरुस्ती आली, की वाटे सगळ्या जमिनीचे नाहीत, फक्त आधीपासून मोकळ्या पडलेल्या तुकड्याचे. २००६ साली सर्वोच्च न्यायालयात ती टिकली. मैदानं लहान झाली, मनोरे मोठे झाले. म्हातारा इथवर आला की त्याला चहा द्या आणि म्हणा, "काका, पण रात्री काय झगमगतं ना आपलं लोअर परळ!" बिल्डरांच्या जाहिरातीत त्याला अप्पर वरळी म्हणतात, हे त्याच्यासमोर बोलू नका. त्याचं बीपी आधीच जास्त असतं.

तिथला वर्ल्ड वन, श्रीनिवास मिलच्या जागेवरचा, ठरला होता ४४२ मीटरचा. विमानतळवाल्यांची परवानगी मिळाली नाही आणि तो २८० वर थांबला. हाँगकाँगलाही काई ताक विमानतळ १९९८ साली बंद होईपर्यंत कौलूनची उंची विमानांनीच दाबून धरली होती. तेव्हा हरण्याची वेळ आलीच तर बिनदिक्कत म्हणा, "आमच्याकडे विमानतळ मध्ये आला, नाहीतर दाखवलं असतं."

तुमच्या स्वतःच्या खिडकीसमोर टॉवर येत असेल तर कुरकुर करू नका. दुपारी तीननंतर घरात दिवा लावावा लागतो, कपडे वाळत नाहीत, हे सगळं मान्य. पण खाडीपलीकडून कोणीतरी फोटो काढतोय, त्याचा विचार करा.

आणि बैठकीत पुणेकर असेल तर वरचं सगळं फुकट. तो न्यूयॉर्क, शांघाय, वरळी सगळं शांतपणे ऐकून घेतो, "आमच्याकडे टेकड्या आहेत" एवढंच म्हणतो, आणि तुम्ही उत्तर शोधत असता तोवर चौरस फुटाचा भाव विचारतो. मग जर्सीकर, दुबईकर, मुंबईकर सगळे एकदम बोलू लागतात, लालबागचे काकाही. मॅनहॅटन मागे पडतं, कर्जाचा हप्ता पुढे येतो. सगळे आपापले आकडे सांगून दमले की पुणेकर चष्मा पुसत म्हणतो, "नव्वद साली बाणेरला फुकट देत होते. आमच्या वडिलांनी नको म्हटलं. म्हणाले, तिथून काही दिसत नाही."