कालवडीचा खुराक तोडल्याने पैसा वाचत नाही

'दूध तोडले की कालवडीचा खुराकही (पेंड-भरडा) बंद करा. उसाचे वाढे आणि कडबा यांवर ती वाढते, खुराकाने कासेत चरबी साचते, आणि गाभण गेल्यावर पेंड सुरू केली की कसर भरून निघते,' असा सल्ला सध्या दूध उत्पादकांच्या मोबाइलवर फिरत आहे. संकरित होल्स्टीन कालवडींच्या बाबतीत तो महागात पडतो.

पहिला मुद्दा चाऱ्याचा. तीन महिन्यांच्या वासराचे कोठीपोट (चारा आंबवून पचवणारा पोटाचा मोठा कप्पा) नुसत्या कोरड्या चाऱ्यावर वाढ साधण्याइतके तयार झालेले नसते. त्याच्या आहारात १५-१६ टक्के प्रथिने लागतात, तर ज्वारीच्या कडब्यात ती चार टक्क्यांच्या आसपास असतात. शिवाय वाढ्यांतील ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवते. अशा कालवडीचे पोट सुटते आणि मालकाला ती भरलेली वाटते, पण पाठीवरून हात फिरवला की एकेक मणका मोजता येतो.

चरबीच्या भीतीत तथ्य आहे, पण ते अर्धेच. वयात येण्यापूर्वी प्रथिने कमी आणि ऊर्जा भरमसाट मिळाली, तर कासेत चरबी साचते. दीड-दोन किलो संतुलित खुराक आणि हिरवा चारा यांवर रोज ५००-६०० ग्रॅम वाढणारी कालवड त्या वर्गात मोडत नाही. (एवढे देऊनही अंग धरत नसेल, तर आधी शेण तपासून जंत पाहावेत.)

खरी गफलत 'कसर भरून निघते' या वाक्यात आहे. कालवड माजावर येते ती वयापेक्षा वजनावर, आणि रेतनासाठी (गाभण घालवण्यासाठी) साधारण २५० किलो वजन हवे. तीन महिन्यांची ८० किलोची कालवड रोज ५०० ग्रॅम वाढली तर ती चौदाव्या महिन्यात तिथे पोचते. २५० ग्रॅमच वाढली तर पंचविसावा महिना उजाडतो. म्हणजे पाचशे किलो खुराक वाचवताना जवळजवळ एक वेत (एका विण्यानंतरचे दूध) हातचे जाते, आणि ते अकरा महिने गव्हाणीत चारा टाकावाच लागतो. गाभणपणी दिलेली पेंड शेवटच्या तीन महिन्यांत बरीचशी पोटातल्या वासराकडे जाते. खुरटलेला सांगाडा तेवढ्याने भरून येत नाही आणि विताना वासरू अडण्याचा धोका वाढतो.

पडताळा घेण्यासाठी शिंप्याची फीत पुरते. पुढच्या पायांमागून छातीचा घेर इंचांत मोजावा, त्याचा वर्ग करून खांद्याच्या टोकापासून शेपटीजवळच्या हाडापर्यंतच्या लांबीने गुणावा आणि ६६० ने भागावे. घेर ५० आणि लांबी ४५ इंच आली, तर वजन सुमारे १७० किलो भरते; अशी कालवड सव्वा वर्षाची असली तरी तिचे रेतन करू नये.