कराटे, कॉर्पस आणि आई

रविवारी दुपारी आईच्या शेजारी बसून जपानी पिक्चर बघायचा, तर बघणाऱ्याकडेच काळा पट्टा हवा. साधा संयम पुरत नाही.

'कुरो-ओबी', म्हणजे काळा पट्टा, २००७चा. यातले नट मुळात कराटेवालेच: आकिहितो यागी गोजू-र्यू शैलीचे, तात्सुया नाका शोतोकान शैलीचे. त्यामुळे दोरीला टांगून हवेत उडणं वगैरे भानगड नाही. पण संवाद जपानी, खालची अक्षरं इंग्रजी आणि आईचा चष्मा नेहमीप्रमाणे बेपत्ता. मग दर वाक्याला, "काय म्हणाला रे तो?"

काळ १९३२चा. आदल्याच वर्षी जपानी सैन्य मांचुरियात घुसलेलं, लष्कराची गुर्मी शिगेला. क्यूशू बेटावरच्या एका डोजोत, म्हणजे कराटेच्या आखाड्यात, म्हातारे गुरू तीन शिष्यांना शिकवतात आणि लष्करी पोलीस येऊन म्हणतात, जागा आम्हाला हवी.

आई सावरून बसली. "बिल्डरची माणसं का रे?"

आमची नौपाड्यातली बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला निघाल्यापासून तिला सगळीकडे हेच दिसतं.

"लष्कर आहे, आई."

"तेच ते. भाडं किती देणार म्हणे?"

गुरू वारतात. काळा पट्टा तिघांतल्या लायक शिष्याला मिळायचा असतो. "नॉमिनेशन केलं नव्हतं? एवढा शहाणा माणूस!" पुढे तिघांतला ताइकान लष्कराला जाऊन मिळतो. मी हळहळलो, आई नाही. "एक फुटतोच. दोघं आहेत ना अजून? संमतीच्या एक्कावन्न टक्क्यांच्या वर आहेत की."

दुसरा शिष्य गिर्यू मात्र तिला झेपेना. गुरूंचा शब्द म्हणून तो हात उगारत नाही, नुसते वार अडवतो. मी शोतोकानच्या संस्थापक फुनाकोशींचं तत्त्व सांगितलं, कराटेत पहिला वार आपला नसतो.

"मारायचं नव्हतं तर शिकला कशाला?"

अख्खा पिक्चर याच प्रश्नावर उभा आहे! पॉज करून मी उत्तर जुळवतोय, तोच बेल वाजली. सोसायटीचे सेक्रेटरी. हातात संमतीपत्र, पेनाचं टोपण आधीच काढलेलं.

"काकू, एक सही हवी होती. सगळ्यांच्या झाल्यात."

"हो का? बसा ना, चहा टाकते."

"बिल्डर उद्या येतोय..."

"येऊ दे की. कार्पेट एरिया लेखी दिलाय का?"

"ते होईल हो."

"झालं की या. साखर किती घालू?"

त्यांनी कॉर्पस फंड, म्हणजे बिल्डर देणार ते पैसे, काढला, पार्किंग काढलं, तिसऱ्या मजल्यावरच्यांची सही बोट ठेवून दाखवली. आईने आवाज चढवला नाही, नाही म्हटलं नाही, सहीही केली नाही. चहा संपला. सेक्रेटरींनी टोपण लावलं आणि चपला घातल्या.

"लाव पुढे," आई म्हणाली. "आणि त्या गुरूंच्या नावावर जागेचा कन्व्हेयन्स झाला होता का, तेवढं बघ."